पुढून येणारी खटखट: सस्पेन्शनच्या कामाच्या नोंदी

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, धाव १,१४,३८० किलोमीटर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि झटके जिरवणारा शॉकअप एकत्र), मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई). रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं असंच असतं, म्हणून मॉडेलचं नाव लिहीत बसत नाही. कामाची जागा पुण्यातला सिंहगड रस्ता, वडगाव बुद्रुक, आमच्या सोसायटीचं पार्किंग. मी मेस्त्री नाही. याआधी स्टेपनी लावणं आणि ब्रेक पॅड बदलणं, एवढंच स्वतः केलेलं.

२२ जून २०२४, शनिवार

आठवडाभर पुढून खट्‌खट्‌ ऐकू येतेय. आधी वाटलं ग्लोव्ह बॉक्समध्ये काहीतरी पडलंय. तो रिकामा केला, आवाज तसाच. उड्डाणपुलाच्या कामामुळे आमचा रस्ता म्हणजे सध्या ठिगळांची गोधडी झालाय, त्यामुळे चाचणीसाठी लांब जावं लागत नाही. सकाळी सहाला काच खाली करून हळू चालवली आणि जे कळलं ते वहीत लिहिलं:

वीसच्या वेगात ठिगळांवर आणि पेव्हर ब्लॉकवर आवाज येतो. चाळीसच्या पुढे ऐकू येत नाही (किंवा इंजिनाच्या आवाजात बुडतो). सोसायटीच्या गेटातल्या मोठ्या स्पीडब्रेकरवर अजिबात नाही. ब्रेक मारताना आवाज नाही, पण स्टिअरिंग किंचित डावीकडे जातं. बाजू बहुधा डावी.

मग सगळे करतात ती चाचणी केली. गाडीचा कोपरा सगळं वजन टाकून दाबायचा आणि सोडायचा. चारही कोपरे एकदा वर येऊन थांबले. वहीत लिहिलं, "शॉकअप चारही ठीक." हे वाक्य पुढे खोटं ठरलं, पण खोडत नाही.

गाडी डावीकडे ओढते म्हणून दुपारी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून आणलं. ५०० रुपये. मशीनच्या पडद्यावर पुढचं डावं चाक लाल दिसत होतं, टाय रॉड (स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा) फिरवून ते हिरवं करून मिळालं. चाक ज्या सांध्यांवर उभं आहे तेच ढिले असतील तर तो हिरवा रंग मशीनवरून खाली उतरेपर्यंतच, हे मला घरी आल्यावर सुचलं. आवाज तसाच, ओढ तशीच. पाचशे रुपये पाण्यात.

३० जून, रविवार

नवऱ्याचं ठाम म्हणणं की आवाज मागूनही येतो. मागची सीट पाडून तो डिकीत आडवा झाला आणि मी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर पाच फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीपासून कुत्री मागे लागली. निदान: जॅकचा दांडा क्लिपमधून निसटलेला आणि त्याखाली दळणाचा रिकामा डबा, जो आम्ही पंधरा दिवस घरात शोधत होतो.

अर्धा दिवस गेला. पाना हातात घेण्याआधी गाडी पूर्ण रिकामी करा, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मागचा आवाज गेला, पुढचा आहेच.

७ जुलै, रविवार

जॅक स्टँडची जोडी आणली, १,४५०. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, आणि विटा तर लावायच्याच नाहीत. वीट भार घेताघेता अचानक फुटते.

पुढचं डावं चाक उचललं. आधी घड्याळातल्या बारा आणि सहावर हात ठेवून हलवलं: काही नाही. मग नऊ आणि तीनवर: काही नाही. बारा-सहाला खेळ लागला असता तर नवऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगणार होते. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा). तशी वेळ आली नाही.

चाक काढलं. लिंक रॉड (स्ट्रटला जोडलेली बारीक दांडी) मुठीत धरून हलवला: घट्ट, जराही आवाज नाही. वहीत लिहिलं, "लिंक रॉड ठीक." या नोंदींमधली सगळ्यात महाग ओळ हीच.

मग लहान पहार लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा लोखंडी हात) आणि फ्रेमच्या मध्ये घालून अलगद दाबली. आर्मच्या मागच्या बुशचं (सांध्यात बसवलेल्या रबराचं) तोंडच उघडलं! रबर लोखंडापासून निम्म्या गोलात सुटलेलं. उजवीकडे तेच करून पाहिलं. तिथे रबरावर भेगा आहेत, टाचेला पडतात तशा, पण पहार दाबली तरी फट उघडत नाही. पार्किंगमध्ये जमलेल्या प्रेक्षकांपैकी एका काकांनी (बाई गाडीखाली झोपली की प्रेक्षक जमतातच) दोन्ही बाजू बदलायचा सल्ला दिला. मी फक्त डावी बदलायचं ठरवलं. वरवरच्या भेगा म्हणजे वय, उघडणारी फट म्हणजे निकाल.

डाव्या टायरची आतली कडाही बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेली दिसली. ब्रेक मारला की हा आर्म मागे सरकत असणार आणि चाकाचा कोन बदलत असणार, तीच ती डावीकडची ओढ. आवाजाचं कारणही हेच, असं मी गृहीत धरलं.

१३ जुलै, शनिवार

नाना पेठ, गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. पार्किंग शोधण्यात पंचवीस मिनिटं. नुसता बुश स्वस्त मिळतो, पण तो आत बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, म्हणजे लेथवाल्याकडे फेरी. शिवाय या बुशच्या रबरात एका बाजूला पोकळ खाच असते आणि ती मूळ दिशेतच बसली पाहिजे. आमच्या आर्मचा बॉल जॉइंटही अकरा वर्षं जुना. म्हणून आख्खा लोअर आर्म घेतला, १,८५०, पक्क्या बिलावर. सोबत गंज सोडवणारा स्प्रे, २६०.

दुकानदाराने विचारलं, "मेस्त्रीला फोन लावून देता का मॅडम, कोणता पाहिजे ते?" जुन्या आर्मचा फोटो दाखवला, मग पुढचं बोलणं सरळ झालं.

१४ जुलै, रविवार

माझा अंदाज दीड तासाचा. लागले साडेचार.

बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये (चाक जिच्यावर बसतं त्या लोखंडी भागात) एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट मी सैल केला आणि आर्म खाली उतरवण्यासाठी पहार लावून, हातोडी मारून चाळीस मिनिटं घालवली. दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय तो दांडा उभ्या जन्मात निघणार नाही. बोल्ट काढला, दोन ठोक्यांत आर्म खाली.

नकल मोकळी झाल्यावर तिला बाहेरच्या बाजूला ओढू नका. ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटू शकतो, आणि मग काम दुप्पट. मी ती दोरीने स्ट्रटलाच बांधून ठेवली.

नवा आर्म बसवला, बोल्ट ताकदीने आवळले, चाक लावलं, गाडी खाली घेतली. संध्याकाळी नवले पुलापर्यंत जाऊन आले. ब्रेकची ओढ पूर्ण गेली, स्टिअरिंग सरळ. आनंद परतीच्या पहिल्या ठिगळापर्यंत टिकला. खट्‌खट्‌.

१७ जुलै, आषाढी

खटखट आहेच, आता तिला जोडीदार मिळाला. स्पीडब्रेकरवरून उतरताना डावीकडून कुईऽऽ, जुन्या कपाटाच्या दारासारखं. नव्या पार्टमधून.

२० जुलै, शनिवार

कंटाळून घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने दहा मिनिटं चालवली, खाली वाकून पाहिलंही नाही. "पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत, माउंटिंग गेलंय, सगळं करून १८,५००." काय पाहून कळलं, असं विचारलं. "अनुभवाने," म्हणाला. अनुभव असेलही. पण स्ट्रटची नळी मी आदल्या रविवारी पुसून पाहिली होती, कोरडी होती. धुळीचा पातळ तेलकट थर असतोच. तेल ओघळलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पुढे पाहते म्हणून निघाले.

२१ जुलै, रविवार

बाबा आले. ते एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, आणि तिथल्या ठोकाठोकीत त्यांचा डावा कान जवळपास गेलाय. आवाज शोधायच्या कामाला निम्मं ऐकू येणारा माणूस! गाडीत बसायच्या आधी त्यांनी वही मागितली. पहिलं पान वाचलं आणि चष्मा कपाळावर नेला.

"अगं, तूच लिहिलंयस की. मोठ्या स्पीडब्रेकरवर आवाज नाही, ठिगळांवर आहे. मोठ्यावर दोन्ही चाकं एकदम चढतात. ठिगळावर एकच चढतं. दोन चाकांना जोडणारं खाली काय आहे?"

स्टॅबिलायझर बार. आणि बारला स्ट्रटशी जोडणारा लिंक रॉड. दोन्ही चाकं एकत्र वर-खाली झाली की बारला पीळ पडत नाही, लिंक रॉडवर जोरच येत नाही. एकच चाक उचललं गेलं की बार पिळतो आणि झिजलेला सांधा आपटतो.

"पण बाबा, तो मी हलवून पाहिलाय. घट्ट होता."

"कसा पाहिलास? चाक हवेत ठेवून?"

हो. आणि घोळ तिथेच झाला होता. एक चाक हवेत लोंबकळत होतं, म्हणून बार पिळलेला, म्हणून लिंक रॉड ताणलेला. ताणलेल्या दोरीची गाठ ढिली आहे की नाही हे हलवून कळत नाही.

ओळखीच्या एका मेस्त्रींच्या पिटवर तासभर जागा मिळाली, ३०० रुपये. चारही चाकं जमिनीवर, मी खाली खड्ड्यात. डावा लिंक रॉड बोटांनी हलवला: टक्‌, टक्‌. दोन आठवड्यांपूर्वी पहारीसारखा वाटलेला सांधा दाताच्या डॉक्टरकडे नेण्याइतका हलत होता. बाबांनी वर स्टिअरिंग झटकत राहायला नवऱ्याला सांगितलं आणि एकेका सांध्यावर हाताचा पंजा ठेवत गेले. टाय रॉड एंड, रॅक, लोअर आर्म, लिंक रॉड. "कानाला फसवता येतं. लोखंडातून आवाज कुठूनही कुठे जातो. हाताखाली आपटतं ते खरं." उजव्या लिंक रॉडलाही बारीक टिचकी लागली.

कुईऽऽ चंही कारण तिथेच निघालं. नव्या आर्मच्या बुशचे बोल्ट मी चाक हवेत असताना आवळले होते. हा रबरी बुश फिरत नाही, नुसता पिळतो. लोंबकळत्या स्थितीत आवळला की गाडी जमिनीवर आल्यापासून तो कायम पिळलेला राहतो, कुरकुरतो आणि लवकर फाटतो. पिटवर, गाडीचं वजन चाकांवर असताना, बोल्ट सैल केले. आर्ममधून एक बारीक कट्‌ आवाज आला आणि बुश आपल्या जागी बसला. पुन्हा आवळले. कुईऽऽ बंद. आठवडाभर पिळलेल्या अवस्थेत चालवल्याने त्याचं आयुष्य किती कमी झालं ते पुढे दिसेल.

बाबा जाताना म्हणाले, "एस.टी.सारखे स्प्रिंगचे पाटे असते तर आत्तापर्यंत घरी जाऊन जेवलो असतो."

२५ जुलै, गुरुवार

काम बंद. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, नदीकाठच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलंय. आमचं पार्किंग उंचावर आहे म्हणून गाडी वाचली. ओळखीच्या दोन कुटुंबांचं सामान वर आणण्यात दिवस गेला. लिंक रॉडचं नंतर बघू.

२८ जुलै, रविवार

लिंक रॉडची जोडी १,१००, स्टॅबिलायझर बारचे दोन रबरी बुश १६०. बुश तसे बरे होते, पण हात तिथे पोचलाच होता.

पुस्तकात हे वीस मिनिटांचं काम. उजवा खरंच वीस मिनिटांत झाला. डाव्याला तीन तास. नट फिरवला की आतला बोल्टही त्याच्याबरोबर फिरतो. त्याच्या टोकाला अ‍ॅलन की घालायची षट्कोनी जागा असते, ती धरून नट फिरवायचा. ती जागा गंजाने भरलेली होती. मी साफ न करताच की घातली आणि जोर लावला, कडा गोल झाल्या. स्प्रे मारून तासभर थांबले, तरी फिरायचं नाव नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या भाऊंचा ग्राइंडर आणून नट कापला. ठिणग्या ब्रेकच्या नळीच्या दिशेने उडत होत्या, म्हणून नळीवर ओलं पोतं गुंडाळलं, डोळ्याला गॉगल लावला. टोक आधी सुईने कोरून, स्प्रे मारून साफ केलं असतं तर ग्राइंडरची वेळच आली नसती.

या वेळी दोन्ही बाजू एकाच उंचीवर, दोन्ही चाकं सारखी लोंबकळती ठेवली. बार सैल असला की नव्या रॉडची भोकं आपसूक जुळतात. एकाच बाजूला जॅक लावला तर ओढाताण.

जुना रॉड हातात धरला तर त्याचं डोकं स्वतःच्या वजनाने लुडकतं. नव्याचं डोकं अंगठ्याने ढकलावं लागतं.

संध्याकाळी ठिगळांवरून, पेव्हरवरून, मुद्दाम एक चाक खड्ड्यात घालून चालवली. शांत. इतकी शांत की आता दुसरंच काही ऐकू यायला लागलंय.

४ ऑगस्ट, रविवार

महामार्गावर साठच्या पुढे मागून गुरगुर येते. आधीही येत असणार, खटखटीपुढे लक्ष गेलं नाही. पहिली शंका मागच्या बेअरिंगची. पण गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली तरी आवाज बदलत नाही. बेअरिंग असतं तर एका बाजूला वाढला असता. काँक्रीटवरून डांबरावर आलं की मात्र लगेच बदलतो. म्हणजे टायर.

मागचं डावं चाक उचललं, एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं. स्प्रिंगमध्ये खरखर नाही, बेअरिंग चांगलं. मग टायरच्या नक्षीवर तळहात फिरवला. डोळ्याला सपाट दिसणारा टायर हाताला उंच-सखल लागतो, वितभर अंतराने खोलगट चट्टे. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत चाललं की टायर असा खातो. म्हणजे शॉकअप. तेच, जे २२ जूनला "चारही ठीक" होते.

शॉकअपवरचं धुळीचं आवरण वर सरकवून पाहिलं. आत तेल ओघळून मातीचा चिखल झालाय. डावा पूर्ण, उजवा थोडा. दाबून सोडायची चाचणी मेलेला शॉकअप पकडते, मरायला टेकलेला पकडत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

मागचे शॉकअप जोडीनेच घेतले, ३,४००, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की टेकणारं रबर) ३००. एका अक्षावर एक नवा आणि एक जुना लावायचा नाही, वळणावर गाडी दोन स्वभावांची होते.

मागचं काम पुढच्यापेक्षा सोपं. स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, त्यामुळे स्प्रिंग दाबायचं यंत्र लागत नाही. (पुढच्या स्ट्रटला ते लागतं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, ते काम मी पार्किंगमध्ये करणार नाही.) फक्त एका वेळी एकच बाजू, आणि बीमखाली जॅकचा आधार. दोन्ही शॉकअप एकदम काढले तर बीम खाली जातो, स्प्रिंगा निसटतात आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. हे एक तरी आधी वाचून ठेवलं होतं. बोल्टही या वेळी चाकं जमिनीवर आल्यावरच शेवटचे आवळले.

डावा जुना शॉकअप उभा धरून दांडा दाबला: पहिली दोन-अडीच इंच हवेत दाबल्यासारखा, मग अडतो. नवा पहिल्यापासून सारखा जड. अडीच तास. काहीही चुकलं नाही, नोंद करण्यासारखी गोष्ट.

१७ ऑगस्ट, शनिवार

दुसरं अलाइनमेंट, ५००. या वेळी लोअर आर्म बदलल्याचं आधी सांगितलं. डावीकडचा आकडा पुन्हा बाहेर गेला होता, जाणारच होता. एकूण ९,८२० रुपये आणि सात रविवार. जॅक स्टँड आणि पहिलं अलाइनमेंट वजा केलं तर ७,८७०. लागलेल्या वेळेपैकी निम्मा, "लिंक रॉड ठीक" या तीन शब्दांचा.

१४ सप्टेंबर, शनिवार

गौरीजेवणाला वाईला जाऊन आलो. खंबाटकी घाट, पाच माणसं, मागे फराळाचे डबे. वळणांवर मागचा भाग पूर्वी एक जास्तीचा झोका घ्यायचा, तो गेला. सासूबाईंना गाडी लागली नाही, घरात याचीच चर्चा जास्त झाली.

मागच्या डाव्या टायरची गुरगुर आहे. शॉकअप नवा झाला तरी पडलेले चट्टे भरून येत नाहीत. टायर झिजून जाईल तेव्हाच ती जाईल. पुढच्या डाव्या टायरची आतली कडा १,३०० किलोमीटरमध्ये आणखी झिजलेली दिसत नाही. नव्या बुशला पहार लावून पाहिली, फट नाही.

पुढच्या उजव्या बाजूला, गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की सकाळच्या वेळी एकदाच टणक् होतं. बॉनेट उघडून स्ट्रटच्या माथ्यावर हात ठेवला, नवऱ्याने स्टिअरिंग फिरवलं, आणि स्प्रिंग अडखळून सुटल्याचा धक्का तळहाताला लागला. माउंटिंगचं बेअरिंग. ते दिवाळीनंतर, मेस्त्रींच्या पिटवर, त्यांच्या स्प्रिंग दाबायच्या यंत्राने.